नेलीची एक बॅग

सेमिस्टर संपून घरी जाताना बॅग कशी भरता, आठवून बघा. थंडी वाजली तर हुडी, पाऊस आला तर जादाची जीन्स, कुणाचं लग्न निघालं तर कुर्ता. शेवटी झिप लावायला रूममेटला बॅगेवर बसवायचं. आणि हे सगळं फक्त आठ दिवसांसाठी!

आता समजा, तुम्हाला अडीच महिन्यांत बोटीने आणि रेल्वेने अख्खी पृथ्वी फिरायचीय. नोव्हेंबरचा गारठलेला अटलांटिक, मग तांबडा समुद्र, एडन, कोलंबो, विषुववृत्ताला खेटलेलं सिंगापूर, आणि तिथून पुन्हा थेट जपानचा हिवाळा. तयारीला हातात दोन दिवस. काय काय घ्याल?

१८८९ मध्ये न्यूयॉर्कची एक पत्रकार मुलगी हातातली एकच बॅग घेऊन निघाली. वय २५. नाव नेली ब्लाय.

खरं नाव एलिझाबेथ कॉक्रन. जन्म १८६४, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. ती सहा वर्षांची असताना वडील गेले. पुढे शिक्षिका व्हायला कॉलेजात नाव घातलं, पण पैसे संपले आणि पहिल्याच सत्रानंतर शिक्षण सुटलं. मग पिट्सबर्गच्या एका पेपरात मुलींची जागा घरातच, अशा अर्थाचा लेख आला. नेलीने संतापून संपादकांना पत्र लिहिलं. संपादकांनी पत्र वाचलं आणि तिला नोकरीच दिली! एका लोकप्रिय गाण्यातून तिचं टोपणनाव आलं. १८८७ मध्ये ती न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’मध्ये गेली आणि वेडाचं सोंग घेऊन दहा दिवस वेड्यांच्या इस्पितळात राहिली. तिथले हाल तिने छापून आणले, तेव्हा सरकारी चौकशी बसली. म्हणजे जगप्रवासाला निघाली तेव्हा ती काही नवखी नव्हती.

अडचण ट्रंकांची

ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फिलियस फॉग ८० दिवसांत जगाला फेरी मारतो. आपण त्याहून कमी दिवसांत मारू, असं नेलीच्या डोक्यात आलं. ती लगेच संपादकांकडे धावली नाही. आधी बोटकंपनीच्या ऑफिसात जाऊन वेळापत्रकं पाहिली, दिवसांचा हिशोब जुळवला आणि मग विषय काढला.

पेपरच्या व्यवस्थापकांनी नाही म्हटलं. बाईमाणूस, सोबतीला कुणीतरी लागणार. आणि समजा एकटी गेलीच, तरी बायकांचं सामान इतकं, की ते उतरवण्या-चढवण्यातच पुढची बोट चुकायची. हे काम पुरुषाचंच.

गंमत बघा, कादंबरीतला फॉगसुद्धा ट्रंका न घेता एका पिशवीवर निघतो. पण सामानाचा प्रश्न आला तो नेलीलाच. तिने सांगून टाकलं, की खुशाल पुरुषाला पाठवा. त्याच दिवशी मी दुसऱ्या पेपरसाठी निघेन आणि त्याच्या आधी पोहोचेन. हे ती खरंच करेल, याची त्यांना खात्री होती. वर्षभराने, ११ नोव्हेंबर १८८९ च्या संध्याकाळी, निरोप आला: निघायचंय.

बॅगेत काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिंप्याकडे गेली. तीन महिने रोज अंगावर राहिला तरी टिकेल असा ड्रेस तिला हवा होता, आणि तोही त्याच संध्याकाळपर्यंत. निळ्या लोकरी कापडाचा तो ड्रेस वेळेत तयार झाला. वरून चौकडीचा लांब ओव्हरकोट. थंडीची सोय झाली.

उन्हाळी देशांसाठी तिने एक हलका ड्रेसही शिवून घेतला होता. तो काही केल्या बॅगेत मावेना. दुसरी बॅग घ्यायची की ड्रेस सोडायचा? तिने ड्रेस सोडला आणि आदल्या उन्हाळ्यातलं एक रेशमी ब्लाउज कसंबसं कोंबून घेतलं.

बॅग १६ इंच रुंद, ७ इंच उंच. साधारण तुमच्या लॅपटॉपच्या बॅगेची रुंदी धरा. त्यात दोन टोप्या, चेहऱ्यावर घ्यायच्या तीन जाळ्या, सपाता, आतले कपडे, भरपूर रुमाल, ड्रेसिंग गाऊन, टेनिस ब्लेझर, सुई-दोरा, पेला, दौत, पेनं, पेन्सिली आणि बातम्या लिहायचे कागद. सगळ्यात जास्त जागा अडवली ती कोल्ड क्रीमच्या बरणीने! पण ती बरणी तिने सोडली नाही. २०० पौंड अंगावरच: नाणी खिशात, नोटा गळ्यातल्या चामडी पिशवीत. एक घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेचं, दुसरं त्या त्या गावच्या. पिस्तूल घे, असंही कुणी सुचवलं. ते तिने घेतलं नाही.

१४ नोव्हेंबरला बोट निघाली. वाटेत फ्रान्समध्ये ती खुद्द व्हर्नला भेटून आली. कोलंबोत पुढच्या बोटीसाठी पाच दिवस अडकली. सिंगापूरला एक माकड विकत घेतलं. हाँगकाँगमध्ये मात्र धक्का बसला. एलिझाबेथ बिसलँड नावाची दुसरी पत्रकार एका मासिकातर्फे त्याच दिवशी उलट्या दिशेने निघाली होती आणि तीन दिवसांपूर्वी हाँगकाँगहून पुढेही गेली होती. नेलीला या शर्यतीचा पत्ताच नव्हता!

पॅसिफिकमध्ये वादळ लागलं. अमेरिकेत पोहोचली तर बर्फाने रेल्वेमार्ग बंद. पेपरने दक्षिणेच्या मार्गाने स्पेशल गाडी सोडली. २५ जानेवारी १८९० ला फेरी पूर्ण झाली. ७२ दिवस, ६ तास, ११ मिनिटं. बिसलँडला सुमारे साडेशहात्तर दिवस लागले. तिच्याजवळ ट्रंक होती खरी, पण ती मागे पडली ती ट्रंकेमुळे नाही. वेगवान बोट चुकली आणि मिळेल त्या संथ बोटीने यावं लागलं.

आणि हेही खरं, की नेलीच्या छोट्या बॅगेमागे एका मोठ्या पेपरचा पैसा होता. काही लागलंच तर बहुतेक बंदरांत विकत मिळत होतं. ज्याच्या खिशात फारसं नसतं, त्याला घरूनच सगळं न्यावं लागतं. स्वतः नेलीला मात्र कपड्यांची चुटपुट एकदाच लागली, हाँगकाँगमध्ये एका सरकारी मेजवानीचं आमंत्रण आलं तेव्हा.

पुढे तिने लग्न केलं, नवऱ्यामागे कारखाना चालवला, पहिल्या महायुद्धात आघाडीवरून बातम्या पाठवल्या. १९२२ मध्ये न्यूमोनियाने ती गेली. वय ५७.

तुम्हालाही कधी ट्रेकला, इंटर्नशिपला, परगावी शिकायला जाऊ नको म्हणतील. ‘तू मुलगी आहेस’ असं थेट कुणी म्हणणार नाही. कारण सामानाचं असेल, लास्ट लोकलचं असेल, राहायच्या सोयीचं असेल. तेव्हा आधी वेळापत्रक काढा, हिशोब मांडा आणि मगच घरात विषय काढा. कोल्ड क्रीम न्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.