हत्तीसाठी सात मिलिमीटर? ‘कारामोजो’ बेल आणि गोळीचं गणित

एका गेमसाठी गोळीच्या मार्गाचा कोड लिहीत होतो, तेव्हा मला वॉल्टर बेल भेटला. तोवर माझा समज साधा होता: प्राणी मोठा, तर बंदुकीची नळीही मोठी. या माणसाने १,०११ हत्ती मारले, आणि त्यातले सुमारे ८०० चक्क ७ मिमीच्या रायफलने. आकडा वाचून आधी पोटात कसंतरी झालं. मग इंजिनिअरचा किडा वळवळलाच.

बेल १८८० साली स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गजवळ जन्मला. आईवडील लहानपणीच गेले. शाळेत मन रमेना. सोळा-सतराव्या वर्षी तो आफ्रिकेत होता, युगांडा रेल्वेच्या कामावर सिंहांपासून मजुरांचं रक्षण करायला. मग क्लोंडाइकची सोन्याची धावपळ, बोअर युद्ध, आणि अखेर हस्तिदंतासाठी युगांडाचा ईशान्य भाग, कारामोजो. टोपणनाव तिथलंच.

त्या काळी हत्तीसाठी .५७७ सारखी दुनळी वापरत. तिची गोळी ७५० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ ४९ ग्रॅम! बेलच्या ७×५७ माउझरची गोळी १७३ ग्रेन, साधारण ११ ग्रॅम. (ब्रिटिश हेच काडतूस .२७५ रिग्बी म्हणून विकत. आपल्या जिम कॉर्बेटची प्रसिद्ध रिग्बी याच काडतुसाची.)

आता गंमत बघा. .५७७ ची गोळी सव्वाचार पटींहून जरा जास्त जड. पण तिचा व्यास दुपटीहून थोडा मोठा, म्हणजे समोरचं क्षेत्रफळही सुमारे सव्वाचार पट. वजन भागिले क्षेत्रफळ केलं की दोन्हींचं उत्तर जवळपास सारखंच! याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. गोळी किती खोल शिरेल, हे बरंचसं यावर ठरतं. मोठ्या गोळीची ऊर्जा तिपटीहून जास्त असते, पण खांद्याला बसणारा धक्काही तसाच. शिवाय बेल मऊ टोकाची गोळी घेत नसे; पूर्ण धातूचं आवरण असलेली, न फुटणारी घेई. मऊ टोक हाडावर पसरतं आणि अडकतं.

अर्थात खोल शिरून उपयोग काय, जर मेंदू चुकला तर? बेलने हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदू नेमका कुठे बसतो ते पाहिलं होतं. पोकळ्यापोकळ्यांच्या हाडात तो खूप आत, अपेक्षेपेक्षा मागे असतो. माझ्या मते त्याचं खरं हत्यार ही कापलेली कवटी होती. ती न पाहता नुसतं कॅलिबर उचलणाऱ्याच्या हातून हत्ती जखमी होऊन पळणार, नाहीतर उलटणार. आज अनेक आफ्रिकी देशांत अशा प्राण्यांसाठी किमान .३७५ चा नियम आहे, तो या सरासरी हातांसाठी.

विश्वासार्हतेचंही त्याला वेड होतं. .३१८ ची काडतुसं त्याला ऐन वेळी दगा देत, जर्मन सात मिमीची देत नसत. बेंचमार्कपेक्षा अपटाइम मोठा, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात तो वैमानिक झाला, मिलिटरी क्रॉस मिळवला. पुढे लग्न करून स्कॉटलंडच्या डोंगरात स्थिरावला आणि लाल हरणांच्या मागे लागला. इथे मात्र त्याने गणित उलटं केलं. हातात .२२० स्विफ्ट: फक्त ४८ ग्रेनची गोळी, पण वेग सेकंदाला सुमारे १,२५० मीटर. माझ्या ढोबळ हिशेबात २०० यार्डांवर सात मिमीची ती जड गोळी अर्धा मीटर खाली येते, स्विफ्टची त्याच्या एक तृतीयांश. उघड्या डोंगरउतारावर अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चालून जातो. हरणाच्या बरगड्यांना हत्तीच्या कवटीइतकी खोली लागत नाही, तिथे फुटणारी गोळी चालते. पण किंमत आहेच: हिची सेक्शनल डेन्सिटी निम्म्याहूनही कमी, त्यामुळे हवा तिचा वेग भराभर खाते आणि लांबवर आडवा वारा तिला ढकलतो. खांद्याच्या जाड हाडावर लागली तर वरवरची जखम होऊन हरीण निसटू शकतं.

बेल १९५४ मध्ये गेला. आज स्कॉटलंडमध्ये एवढ्या हलक्या गोळीने लाल हरीण मारणं कायद्यात बसत नाही.