रॉबर्ट बॉश

रॉबर्ट बॉश (जन्म : २३ सप्टेंबर १८६१, आल्बेक, जर्मनी, मृत्यू : १२ मार्च १९४२, श्टुटगार्ट) हे जर्मन यंत्रकारागीर व उद्योजक होते. मोटारगाडीच्या इंजिनातील इंधन व हवेचे मिश्रण ठरलेल्या क्षणी पेटविणारी ठिणगी भरवशाने पडावी, यासाठी लागणारे मॅग्नेटो हे उपकरण त्यांच्या कार्यशाळेत वाहनांच्या उपयोगाचे झाले. मॅग्नेटोचे मूळ संशोधक म्हणून त्यांचे नाव सांगितले जाते, ते बरोबर नाही. हे उपकरण त्यांच्या आधीपासून अस्तित्वात होते, आणि त्यातील दोन महत्त्वाच्या सुधारणा त्यांच्या सहकाऱ्यांनी केल्या. योग्य माणसे हेरणे, त्यांना मोकळीक देणे आणि सदोष माल कारखान्याबाहेर न जाऊ देणे हे बॉश यांचे खरे कर्तृत्व होय.

जन्म व उमेदवारी

उल्म शहराजवळील आल्बेक या खेड्यात बॉश यांच्या वडिलांची शेती व खानावळ होती. बारा भावंडांत रॉबर्ट अकरावे. शालेय शिक्षणानंतर त्यांनी उल्म येथे सूक्ष्मयंत्रांच्या कारागिराकडे उमेदवारी केली. तेथे उस्तादाने शिकवण्याकडे फारसे लक्ष दिले नाही, ही खंत त्यांच्या मनात कायम राहिली. पुढे १९१३ मध्ये स्वतःच्या कारखान्यात उमेदवारांसाठी त्यांनी स्वतंत्र प्रशिक्षण विभाग उघडला, त्यामागे हा अनुभव होता. उमेदवारीनंतर निरनिराळ्या कार्यशाळांत काम करून ते १८८४ मध्ये अमेरिकेस गेले. तेथे एडिसन यांच्या उद्योगात व नंतर लंडनमध्ये सीमेन्स बंधूंच्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी श्टुटगार्ट येथे त्यांनी सूक्ष्मयंत्रे व विद्युत उपकरणे तयार करण्याची कार्यशाळा सुरू केली. हाताखाली एक कारागीर आणि एक निरोप्या पोऱ्या, एवढाच पसारा होता. टेलिफोन बसविणे, विजेच्या घंटा दुरुस्त करणे असे जे काम मिळेल ते करावे लागे. गिऱ्हाइकांकडे लवकर पोहोचता यावे म्हणून १८९० मध्ये त्यांनी सायकल घेतली; त्या काळी ती अपूर्वाईची वस्तू होती. ही वर्षे कर्जात व विवंचनेत गेली.

ठिणगीचा प्रश्न

आरंभीच्या मोटारगाड्यांत सर्वांत बेभरवशाचा भाग प्रज्वलनाचा होता. डाइमलर यांच्या इंजिनात ज्योतीने तापविलेली नळी मिश्रण पेटवीत असे. उघडी ज्योत आणि पेट्रोल यांचे हे सान्निध्य धोक्याचे होते, शिवाय ठिणगीची वेळ पुढे-मागे करण्याची सोय त्यात नव्हती. बेन्झ यांच्या गाडीत बॅटरी व कॉइल होती. परंतु गाडीवर बॅटरी पुन्हा भरण्याची व्यवस्था नसल्यामुळे ती लवकर उतरे. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. कायमचुंबकांच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलले की त्यात वीज निर्माण होते, आणि वेटोळे हलविण्याचे काम इंजिनच करते.

१८८७ मध्ये एका यंत्रनिर्मात्याने बॉश यांच्याकडे स्थिर इंजिनासाठी असे उपकरण मागितले. डॉइट्झ कंपनीच्या इंजिनावरील मॅग्नेटो पाहून बॉश यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती तयार केली. पुढील दहा वर्षे ही उपकरणे पंप व गिरण्यांच्या संथ इंजिनांसाठीच विकली जात होती.

१८९७ मध्ये इंग्लंडमधील उद्योजक फ्रेडरिक सिम्स यांनी द दिऑं-बूतों कंपनीच्या तीनचाकीवर मॅग्नेटो बसवून देण्यास सांगितले. तिचे इंजिन मिनिटाला सुमारे १८०० फेरे घेई, आणि जुन्या मॅग्नेटोचे जड वेटोळे त्या वेगाने हलविणे अशक्य होते. कार्यशाळेतील आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी वेटोळे स्थिर ठेवून त्याभोवती धातूची हलकी नळी हलती ठेवली. वजन घटल्यामुळे वेग साधला आणि मॅग्नेटो प्रथमच वाहनावर चालला.

तरीही एक अडचण उरलीच. ठिणगी पाडण्यासाठी सिलिंडरच्या आत एकमेकांपासून दूर होणारे संपर्क बसवावे लागत. जाळात राहिल्याने ते झिजत व चिकटत, आणि त्यांना हलविणाऱ्या दांड्या सतत जुळवाव्या लागत. बॉश यांनी हे काम गोटलोप होनोल्ड या तरुण अभियंत्याकडे सोपविले. होनोल्ड पूर्वी याच कार्यशाळेत उमेदवार होते. त्यांनी एकाच आर्मेचरवर दोन वेटोळी गुंडाळली. पहिल्यातील प्रवाह इंजिनाबाहेर बसविलेला संपर्क तोडतो व त्याच क्षणी दुसऱ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. हा दाब तारेने स्पार्क प्लगपर्यंत नेला की प्लगच्या टोकांमधील फटीतून ठिणगी उडते. सिलिंडरच्या आत हलणारा कोणताही भाग उरला नाही. १९०२ मध्ये हा उच्चदाब मॅग्नेटो व त्याचा स्पार्क प्लग बाजारात आला, आणि डाइमलर कंपनी त्याची पहिली गिऱ्हाईक ठरली. वर्तुळातील आर्मेचर हे कंपनीचे बोधचिन्हही होनोल्ड यांनीच १९१८ मध्ये तयार केले.

देखभाल व सेवा केंद्रे

प्रज्वलनाचे उपकरण कितीही चांगले असले तरी ते वेळोवेळी तपासावे लागते. संपर्कबिंदू जळून खडबडीत होतात, कंडेन्सर निकामी झाल्यास ते आणखी लवकर जळतात. प्लगवर काजळी साचली की वीज फट ओलांडण्याऐवजी काजळीतूनच निसटते. मराठी मेकॅनिक ज्याला प्लग शॉर्ट होणे म्हणतात, ते हेच. संपर्कबिंदूंतील अंतर साधारणपणे ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवावे लागते. ते बदलले की ठिणगीची वेळही सरकते, म्हणून आधी अंतर व मग टायमिंग हा क्रम पाळतात. गावोगावच्या गाडीमालकांना हे काम जाणकाराकडून करून घेता यावे यासाठी बॉश कंपनीने १९२१ मध्ये हाम्बुर्ग येथे पहिले सेवा केंद्र सुरू केले. विकलेल्या मालाची पुढील जबाबदारी उत्पादकाने घ्यावी, हा विचार त्या काळी रूढ नव्हता.

मॅग्नेटोचे मोटारीतील स्थान मात्र टिकले नाही, आणि त्याला बॉश यांचीच उत्पादने काही अंशी कारणीभूत झाली. १९१३ पासून कंपनी गाडीसाठी विजेचे दिवे, डायनॅमो व बॅटरी विकू लागली. गाडीवर स्वतः भरणारी बॅटरी आल्यावर स्वस्त कॉइल-प्रज्वलन सोयीचे ठरले. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी ते १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत आणले होते. बॉश यांनी १९२५ मध्ये ते स्वीकारले. १९२७ मध्ये त्यांनी डिझेल इंजिनासाठी इंधन-पंपाचे उत्पादन सुरू केले. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. ठिणगीवर उभ्या राहिलेल्या उद्योगाने घेतलेला हा निर्णय दूरदृष्टीचा ठरला.

कामगारविषयक धोरण

१९०६ मध्ये, कायद्याची सक्ती होण्याच्या बारा वर्षे आधी, बॉश यांनी आठ तासांचा दिवस लागू केला. उद्योजकांच्या वर्तुळात त्यांना 'लाल बॉश' म्हटले जाई. १९१३ च्या संपाने हे संबंध बिघडले व ते मालकांच्या संघटनेत सामील झाले. पहिल्या महायुद्धात कारखान्याला लष्करी कामातून मोठा नफा झाला. तो त्यांनी सार्वजनिक कामांसाठी देऊन टाकला. होमिओपॅथीवर त्यांची श्रद्धा होती. १९४० मध्ये श्टुटगार्टला त्यांच्या देणगीतून उघडलेले रुग्णालय त्याच उपचारपद्धतीचे होते. पहिल्या पत्नीपासून झालेला मुलगा रॉबर्ट १९२१ मध्ये दीर्घ आजाराने वारला.

नाझी राजवट

बॉश यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड भाग हा आहे. नाझी विचार त्यांना मान्य नव्हते. छळ सोसणाऱ्या ज्यूंना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकऱ्या दिल्या, देश सोडण्यासाठी पैसे पुरविले. हिटलरविरोधी गटाचे नेते कार्ल गोर्डेलर यांना १९३७ पासून कंपनीचे सल्लागार म्हणून आश्रय मिळाला. गोर्डेलर यांना १९४५ मध्ये फाशी देण्यात आले. बॉश यांचे निकटचे सहकारी हान्स वाल्झ यांचा इस्राएलने पुढे ज्यूंचे रक्षणकर्ते म्हणून गौरव केला. परंतु त्याच काळात कंपनी शस्त्रसज्जतेच्या कामात गुंतलेली होती, आणि युद्धकाळात तिच्या कारखान्यांत सुमारे २०,००० वेठबिगार कामगार राबविले गेले. त्यांत छळछावण्यांतील कैदीही होते. बॉश यांच्या मृत्यूनंतर त्याच राजवटीने त्यांची अंत्ययात्रा शासकीय इतमामात काढली. मदत खरी होती आणि वेठबिगारीही खरी होती. एकीच्या आधारे दुसरी झाकता येत नाही.

भारताशी संबंध

बॉश यांच्या हयातीतच, १९२२ मध्ये, कंपनीची उत्पादने कलकत्त्यातील विक्री कार्यालयामार्फत भारतात येऊ लागली. १९५१ मध्ये बंगळूर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली. 'मायको' या नावाचे तिचे स्पार्क प्लग देशभर पोहोचले. महाराष्ट्रात नाशिकजवळील सातपूर येथील कारखान्यात डिझेल इंजिनांना लागणारी इंधनाची नोझल तयार होऊ लागली. बजाज स्कूटर व राजदूत मोटारसायकल यांच्या चाकाशेजारी नव्हे, तर इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्येच मॅग्नेटो बसविलेला असे; त्यामुळे इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन रुळेपर्यंत नांदेड, मुदखेड, लातूर अशा गावांतील दुरुस्तीच्या दुकानांत पॉइंट घासणे व प्लग साफ करणे हे नित्याचे काम होते. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांत मॅग्नेटो आजही वापरतात.