बुधचे पांडुरंग सुखात्मे

आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यातल्या बुध गावी २७ जुलै १९११ रोजी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. संख्याशास्त्रातलं एवढं मोठं नाव आपल्या इतक्या जवळचं, हे शाळेत असताना आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं?

फर्ग्युसनमधून १९३२ साली गणित घेऊन पदवी, आणि पुढच्याच वर्षी लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. तिथे तेव्हा एकाच छताखाली संख्याशास्त्राची दोन घराणी नांदत होती, ईगॉन पिअर्सन यांचं आणि फिशर यांचं. दोन्हीकडच्या मंडळींचा चहासुद्धा वेगवेगळ्या वेळी व्हायचा! पिअर्सन यांच्याकडे येर्झी नेमन आले. मोठ्या समूहातून नमुना कसा निवडावा, यावरचा त्यांचा निबंध १९३४ चा. सुखात्म्यांनी १९३५ मध्ये त्याच विषयात भर घातली. वय अवघं चोवीस.

१९४० पासून ते कृषी संशोधन परिषदेत होते. तिथला पीक कापणीचा वाद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महालनोबिस लहान तुकडे कापून उत्पन्न काढत. सुखात्म्यांचं म्हणणं होतं की त्यात उत्पन्न फुगतं. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड लांब. आणि कडेवरचं ताट आत की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडेच वळतो. बंगालचा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, शहरांत रेशन. अशा वेळी कागदावर धान्य जास्त दिसणं म्हणजे कुणाच्या तरी ताटात कमी. आम्ही प्रोग्रॅम तपासताना सीमेवरच्याच किमती आधी घालून बघतो, म्हणून ही गोष्ट मला चटकन पटली. आज पीक विम्यासाठी आपल्या शिवारात दोरी लावून जे प्रयोग होतात, ते याच परंपरेतले.

पुढे रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत सुमारे वीस वर्षं संख्याशास्त्र विभागाची धुरा, १९७१ मध्ये पद्मभूषण, मग पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी.

उतारवयातही वाद सुटले नाहीत. एकाच निरोगी माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, म्हणून सरासरी उष्मांकाच्या खालचा प्रत्येक जण उपाशी मोजू नये, असं त्यांनी मांडलं. वि. म. दांडेकरांनी त्याला कडाडून विरोध केला. अशाने भुकेलेल्यांचा आकडा सोयीस्करपणे घटेल, ही टीकाकारांची भीती मला रास्त वाटते; पण सुखात्म्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. २८ जानेवारी १९९७ रोजी ते गेले, तेव्हाही तो वाद मिटलेला नव्हता.