धोका कुठे आहे, हे बाबासाहेबांनी पाहिले

आमच्या आर्णीत जयंतीच्या व्यासपीठावर घटनेवर भरभरून बोलले जाते. बाबासाहेबांच्या परराष्ट्र धोरणविषयक विचारांवर मात्र क्वचितच. वास्तविक २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यात हिंदू कोड बिलाबरोबर हेही एक कारण होते.

१ ऑक्टोबर १९४९ रोजी चीनमध्ये माओंचे क्रांतिकारी सरकार आले. ३० डिसेंबरला भारताने त्याला मान्यता दिली. पंडित नेहरूंना जगाचा धोका दोन महासत्तांच्या गटबाजीत दिसत होता. हिमालय ओलांडून मोठे आक्रमण होईल, असे वाटत नव्हते. म्हणून मैत्रीचे धोरण ठरले. १९५० मध्ये चिनी फौजा तिबेटात शिरल्या, तरी ते बदलले नाही.

बाबासाहेबांनी भावनेपेक्षा हिशेब पाहिला. राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात. देशाला मित्र उरले नाहीत, म्हणून हा भार एकट्याने वाहावा लागतो आणि उपाशी जनतेसाठी पैसा उरत नाही, हे त्यांचे दुखणे होते.

२९ एप्रिल १९५४ रोजी भारत-चीन करारात पंचशील आले. पुढच्याच महिन्यात बाबासाहेब आपल्या विदर्भातल्या भंडाऱ्याची पोटनिवडणूक हरले. पण राज्यसभेत ते होतेच. २६ ऑगस्टला त्यांनी तिथे बजावले की, ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपणच त्याची सीमा आपल्या दाराशी आणली. ऑक्टोबर १९६२ मध्ये युद्ध झाले, तेव्हा त्यांच्या महापरिनिर्वाणाला सहा वर्षे होत आली होती.

त्यांचा प्रत्येक उपाय अचूक होता, असा दावा करण्याचे कारण नाही. ज्या सिएटो कराराचे भय बाळगू नये असे ते म्हणत, तो १९७७ मध्ये गुंडाळला गेला. ते गरिबांच्या क्रांतीचे वैरीही नव्हते. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांचे ध्येय जवळचे मानले; त्यांचा विरोध हिंसेला आणि हुकूमशाहीला होता.

धोका ओळखण्यात चूक दिल्लीत होते. किंमत सीमेवरचा जवान मोजतो आणि शाळा-दवाखान्याविना राहिलेला खेड्यातला मजूर मोजतो. म्हणून परराष्ट्र धोरण हा आपलाही विषय आहे. येत्या जयंतीला एक व्याख्यान त्यावर ठेवा.