चौंडीच्या अहिल्यादेवींनी विंध्याच्या उभ्या चढावर रस्ता बांधला, आणि तो सुरक्षितही केला

अहिल्यादेवी होळकर म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? हातात शिवपिंड घेतलेला फोटो, काशी विश्वनाथाचं मंदिर आणि नदीकाठचे घाट. पण त्यांच्या कामांच्या यादीत एक डोंगरातला रस्ताही आहे. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

सुरुवात होते आपल्याच जिल्ह्यातून. जामखेड तालुक्यातलं, सीना नदीकाठचं चौंडी. इथले पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्यादेवींचा जन्म झाला. १७३३ मध्ये मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि चौंडीची लेक माळव्यात गेली.

पुढं मात्र एकामागोमाग एक धक्के बसले. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव गेले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवलं आणि हळूहळू कारभार सोपवला. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, तर १७६७ मध्ये मुलगा मालेराव. वारस नाही म्हणून दौलत ताब्यात घेण्यासाठी राघोबादादा चाल करून आले. अहिल्यादेवी मागं हटल्या नाहीत. अखेर माधवराव पेशव्यांनी कारभार त्यांच्याकडेच ठेवला. तुकोजी होळकरांनी फौज सांभाळायची आणि राज्य अहिल्यादेवींनी, असं ठरलं.

आता रस्त्याचा विषय. त्यांनी राजधानी केली नर्मदाकाठच्या महेश्वरला. इंदूर मात्र वर माळव्याच्या पठारावर. मधे विंध्य पर्वत. म्हणजे व्यापारी असो, यात्रेकरू असो की सरकारी जासूद, घाट चढल्याशिवाय सुटका नाही. महेश्वरच्या वरच्या बाजूला जाम घाटात चढ इतका उभा होता की तिथं वाट काढणं म्हणजे मोठं कष्टाचं काम. अहिल्यादेवींनी ते करून घेतलं. घाटमाथ्यावर दगडी दरवाजा उभा राहिला. हा जाम दरवाजा १७९१ चा. आजही तिथं पर्यटक फोटो काढायला गर्दी करतात.

पण नुसता रस्ता बांधून भागतं का? या डोंगरांत भिल्ल टोळ्या वाटसरूंना लुटायच्या. अहिल्यादेवींनी आधी समजावून पाहिलं, मग सक्तीही केली. पण शेवटी उपाय काढला तो वेगळाच. डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडा कर घ्यायचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. याला भिलकवडी म्हणत. बदल्यात भिल्लांनी पडीक जमीन कसायची आणि आपल्या हद्दीत चोरी झाली तर जबाबदारी घ्यायची. ज्यांची भीती होती, तेच वाटेचे राखणदार झाले.

१८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहणारा इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यानं या रस्त्याची आणि भिलकवडीची नोंद करून ठेवली. म्हणजे काम शत्रूच्याही नजरेत भरलं.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्यादेवींचं निधन झालं. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. आता हे नाव रोज आपल्या पत्त्यात येतं. रस्ता बांधला की तो वापरणाऱ्याच्या जिवाची हमीही राज्यकर्त्यानंच द्यायची असते, हे २०० हून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवणाऱ्या बाईचं हे नाव आहे. पुढच्या वेळी गावच्या रस्त्यावर खड्डा चुकवताना एवढं नक्की आठवा.