हिमकन्या लायला

युरोप खंडाच्या उत्तरेकडील टोकास नॉर्वे नावाचा देश आहे. तेथील हिवाळा फार दीर्घ असतो. ज्या सरोवरांतून उन्हाळ्यात नावा चालतात, ती सरोवरे थंडीत गोठून दगडासारखी कठीण होतात आणि त्यांच्या पृष्ठभागावरून मुले-माणसे वेगाने घसरत जाऊ लागतात. त्यांच्या बुटांच्या तळाशी पोलादाचे लांब व अरुंद पाते जडवलेले असते. आपल्याकडे पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून पाय निसटला, तर माणूस आपटतो; तेथील लोकांनी मात्र त्या निसटण्यालाच एका सुंदर क्रीडेचे रूप दिले आहे. एका पायाने बर्फ रेटावे, दुसऱ्या पायावर तोल सांभाळीत पुढे सरकावे आणि वारा अंगावर कमी यावा म्हणून कंबरेत वाकून राहावे, असे या शर्यतीचे तंत्र आहे. जागतिक स्पर्धांत ४०० मीटर लांबीच्या मार्गावर एका वेळी दोनच खेळाडू धावतात. प्रत्येक फेरीत ते आतली व बाहेरची बाजू आपसांत बदलतात, म्हणजे कोणावरही अन्याय होत नाही. शेवटी विजेता ठरवते ते घड्याळ.

या खेळात अवघ्या जगाला मागे टाकणारी लायला स्काउ निल्सन हिचा जन्म १८ मार्च १९१९ रोजी नॉर्वेच्या राजधानीच्या परिसरात झाला. त्या वेळी या नगरीस क्रिस्तियानिया म्हणत. पुढे १९२५ साली तिला ओस्लो हे नाव मिळाले. लायलाचे बालपण बर्फाच्या संगतीत गेले. पोलादी पात्यांचे बूट असोत की डोंगरउतारावरून घसरण्याच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे स्की असोत, दोन्हींवर तिचे सारखेच प्रभुत्व होते. १९३५ साली स्त्रियांची जागतिक स्पर्धा तिने जिंकली, तेव्हा तिला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. मात्र त्या स्पर्धेस अद्याप अधिकृत मान्यता नव्हती. ती पुढच्या वर्षी मिळाली!

त्याच पुढच्या वर्षी, म्हणजे १९३६ च्या फेब्रुवारीत, जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे हिवाळी ऑलिंपिक सामने भरले. लायलासारख्या मुलीने तेथे धावावे आणि पदक आणावे, असे कोणासही वाटले असते. परंतु बर्फावरील वेगाच्या शर्यती तेथे केवळ पुरुषांसाठी होत्या. बर्फावरील नृत्यमय खेळात स्त्रियांना प्रवेश होता आणि लायलाच्याच देशाची सोन्या हेनी हिने त्यात सलग तिसरे सुवर्णपदक मिळवले. नाजूक पावलांनी गिरक्या घेणे स्त्रियांना शोभते, परंतु दमछाक होईपर्यंत धावणे शोभत नाही, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे १९३२ साली स्त्रियांच्या शर्यती झाल्या होत्या खऱ्या, पण त्या नुसत्या प्रात्यक्षिकादाखल. त्यांची गणना पदकांत झाली नाही.

एक दार बंद आहे असे पाहून लायला दुसऱ्या दाराने आत शिरली. स्की बांधून पर्वतउतारावरून घसरत येण्याची शर्यत त्या वर्षी ऑलिंपिकमध्ये प्रथमच ठेवण्यात आली होती आणि तीत स्त्रियांना वाव होता. लायलाने तीत आपले नाव घातले. पहिल्या दिवशी सरळ उताराची शर्यत होती. जर्मनीची ख्रिस्टल क्रान्झ ही या प्रकारातील नामांकित खेळाडू वाटेत पडली आणि सहाव्या स्थानावर गेली. सतरावे वर्षही न ओलांडलेली लायला मात्र सर्वांच्या आधी खाली पोचली. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा ती चार सेकंदांनी पुढे होती. अशा शर्यतीत चार सेकंद ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

तरीही सुवर्णपदक तिच्या गळ्यात पडले नाही. नियमच तसा होता. उताराची शर्यत आणि रोवलेल्या काठ्यांमधून वळणे घेत जाण्याची शर्यत, या दोहोंच्या बेरजेवरच पदके द्यायची होती. वळणांच्या शर्यतीत क्रान्झने आपले सारे कौशल्य पणास लावले आणि पहिल्या दिवसाचे नुकसान भरून काढून ती अव्वल आली. लायलास तिसरे स्थान व कांस्यपदक मिळाले. केवळ उताराच्या शर्यतीसाठी वेगळे पदक देण्याची पद्धत सुरू झाली ती १९४८ साली. त्या वर्षीच्या सेंट मॉरिट्झ येथील ऑलिंपिकमध्ये लायला उतरली होती. परंतु तेव्हा तिच्या उमेदीची बारा वर्षे मागे पडली होती.

तिचे खरे सामर्थ्य जगाने पाहिले ते १९३७ च्या हिवाळ्यात, स्वित्झर्लंडमधील दावोस या गावी. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असल्यामुळे धावणाऱ्यास वाऱ्याचा अडथळा कमी होतो. हा लाभ सर्वांनाच सारखा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. लायलाने तेथे जागतिक अजिंक्यपद तर मिळवलेच, शिवाय ५००, १०००, १५००, ३००० आणि ५००० मीटर या पाचही अंतरांचे जागतिक विक्रम आपल्या नावावर केले. थोड्या अंतरासाठी लागणारी चपळाई आणि लांब अंतरासाठी लागणारा दम हे गुण एकाच शरीरात क्वचित आढळतात. ५०० मीटरांचे अंतर तिने ४६.४ सेकंदांत तोडले. पुढील वर्षी ओस्लो येथे, आपल्याच लोकांसमोर, तिने जागतिक अजिंक्यपद पुन्हा जिंकले. त्या वेळी तिचे वय एकोणीस वर्षांचेही नव्हते.

यानंतर महायुद्धाचा वणवा पेटला. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन सैन्याने नॉर्वेवर आक्रमण केले आणि पाच वर्षे तो देश परक्यांच्या अमलाखाली राहिला. आक्रमकांच्या देखरेखीखाली होणाऱ्या सामन्यांवर नॉर्वेतील खेळाडूंनी बहिष्कार टाकला. १९४० व १९४४ ची हिवाळी ऑलिंपिके झालीच नाहीत. स्त्रियांची जागतिक स्पर्धाही १९४७ पर्यंत भरली नाही. जी वर्षे लायलाच्या पराक्रमाची असावयाची, ती अशी ओस गेली.

तिचा उत्साह मात्र ओसरला नाही. टेनिसमध्ये तिने ऐंशीहून अधिक राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. हँडबॉलच्या मैदानावरही ती उतरली. एकाहून अधिक खेळांत प्रावीण्य दाखवणाऱ्या नॉर्वेच्या खेळाडूंना दिले जाणारे एगेबर्ग सन्मान-पारितोषिक तिला लाभले. चाळिशी उलटल्यावर तर ती मोटार घेऊन मॉन्टे कार्लोच्या सुप्रसिद्ध शर्यतीतही सामील झाली!

५०० मीटरांचा तिचा विक्रम अठरा वर्षे अबाधित राहिला. तो १९५५ साली सोव्हिएत रशियाच्या तमारा रिलोवा हिने मोडला. आणि स्त्रियांसाठी बंद असलेले ते ऑलिंपिकचे दार अखेर १९६० साली अमेरिकेतील स्क्वॉ व्हॅली येथे उघडले. तेथे ५०० मीटरांची शर्यत पूर्व जर्मनीच्या हेल्गा हासे हिने जिंकली. यंत्राने गोठवलेल्या गुळगुळीत बर्फावर तिला ४५.९ सेकंद लागले. तेवीस वर्षांपूर्वी दावोसच्या नैसर्गिक बर्फावर लायलाने नोंदवलेल्या वेळेहून हा वेळ अर्ध्याच सेकंदाने कमी होता. त्या दिवशी लायला चाळीस वर्षांची होती. त्यानंतरही तिला दीर्घ आयुष्य लाभले. जुलै १९९८ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी तिचे निधन झाले.