धुराची वसुली

वसुली हा शब्द माझ्या अंगवळणी पडलेला. बँकेतली उमेदीची वर्षं त्यातच गेली. पण धुराकडूनही वसुली करता येते, हे कळलं ते निवृत्तीनंतर, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये बाकावर बसून चहा घेताना.

पुतण्याने जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली आहे. इंजिनावरचा मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड काढून स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचा हेडर बसवायचं त्याच्या मनात होतं. मेस्त्रींनी दोन हेडर समोर ठेवले. एक चकचकीत, चारही नळ्या एका तोंडाशी आणणारा. दुसरा आखूड, जाड, दिसायला ओबडधोबड. त्यात एक आणि चार नंबरच्या सिलिंडरची जोडी वेगळी, दोन आणि तीनची वेगळी. पुतण्याचा जीव पहिल्यावर, मेस्त्रींचा हात दुसऱ्यावर. या गाडीच्या टर्बोला धूर घ्यायला दोन तोंडं आहेत, तेव्हा जोड्या मोडायच्या नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं. त्या जोड्यांचं मूळ शोधत गेलो आणि आल्फ्रेड ब्युखी भेटला.

ब्युखीचा जन्म ११ जुलै १८७९ चा, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा. गाव कारखान्यांचं. वडील तिथल्याच सुल्झर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातून १९०३ साली तो इंजिनिअर झाला आणि बेल्जियम, इंग्लंडमध्ये नोकरी करू लागला. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, धुराबरोबर बाहेर जातो. हे त्या काळच्या इंजिनिअरांना ठाऊक होतं; ब्युखीला ते सहन होईना. १९०५ च्या नोव्हेंबरात त्याने पेटंट घेतलं. धुराच्या झोताने एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता.

पुढची वीस वर्षं मात्र हाल झाले. सुल्झरमध्ये परतून त्याने प्रयोग मांडले, पण तापलेल्या धुरात तग धरील असा धातू आणि वेगाने फिरणारं भरवशाचं यंत्र तेव्हा हाताशी नव्हतं. १९१५ साली त्याने ब्राउन बोव्हेरी कंपनीकडे सहकार्याची विचारणा केली, जमलं नाही. मी बँकेचा माणूस, म्हणून या वर्षांपाशी अडखळलो. कागदावर उत्तम, प्रयोगात नापास आणि कर्ज फेडायची तारीख अनिश्चित, अशा अर्जावर मी काय शेरा मारला असता? मारलाच होता. फार वर्षांपूर्वी एक कारागीर पंपाचा नवा नमुना घेऊन माझ्या टेबलाशी आला होता. तारण नव्हतं. मी नियमाप्रमाणे अर्ज परत केला. तो पुन्हा आला नाही आणि मीही चौकशी केली नाही. म्हादबा मेस्त्रींचं नाव आदराने घेणाऱ्या या गावात मी तसं वागलो, हे ब्युखीचं चरित्र वाचताना टोचत राहिलं.

ब्युखीला यश आलं १९२५ साली, आणि ते नळ्यांनी दिलं. एका सिलिंडरचा धूर जोराने सुटतो, तेव्हा आधीच्या सिलिंडरचा उरलासुरला धूर अजून बाहेर निघत असतो. दोघांची नळी एकच असेल तर एकाचा धक्का दुसऱ्याच्या दारावर आदळतो आणि धूर मागे फिरतो. एकाच दाराने आत शिरणारी आणि बाहेर निघणारी माणसं, दुसरं काय! ब्युखीने सिलिंडरांचे गट पाडले, ज्यांच्या वेळा एकमेकांच्या आड येत नाहीत त्यांनाच एका नळीत आणलं. धक्का वाया न जाता चाकापर्यंत पोचला आणि मधल्या क्षणी ताज्या हवेने सिलिंडर धुऊन निघू लागला. १९२६ साली प्रॉयसेन आणि हान्झेश्टाट डान्त्सिग या जर्मन प्रवासी जहाजांची इंजिनं याच तत्त्वावर चालली. १७५० अश्वशक्तीच्या इंजिनाने २५०० दिली. पूर्वी जमलं नव्हतं ती ब्राउन बोव्हेरीही आता भागीदार झाली. १९३८ साली झुरिकच्या त्याच विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. २७ ऑक्टोबर १९५९ रोजी तो वारला. टर्बो बसवलेल्या मोटारी सर्वसामान्यांसाठी अमेरिकेत विकायला आल्या त्या १९६२ साली. त्या त्याने पाहिल्या नाहीत.

मेस्त्रींच्या शेडमधल्या गाडीच्या फायरिंगचा क्रम एक, तीन, चार, दोन. म्हणून एक-चार आणि दोन-तीन. गणित तेच.

पुतण्या अखेर ओबडधोबड हेडरला तयार झाला. टर्बोचं वजन हेडरवरच लटकतं. पातळ नळी तापून-निवून वेल्डिंगपाशी तडकते, हा मेस्त्रींचा दुसरा मुद्दा होता, आणि त्यांनी आधाराची पट्टीही लावली. जुने नट गंजलेले; रात्रभर तेलात भिजवून, सावकाश काढले. स्टड तुटला तर हेड उतरवावं लागतं. फ्लँजवर सरळ पट्टी धरून उजेड दिसतो का ते पाहिलं, गॅस्केट नवी घातली, नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे आवळत नेले. सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जिथल्या तिथे ठेवायचे, ही माझी एकमेव अट. नोंदणीतल्या तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे, म्हणून आरटीओत आधी विचारून यायलाही मीच लावलं होतं. जुना मॅनिफोल्ड मात्र पुतण्याला भंगारात घालू दिला नाही. आमच्या शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत वाहनांचे सुटे भाग ओतले जातात. बिडाच्या तशा वस्तूला नावं ठेवणं कोल्हापूरकराला शोभत नाही.

इंजिन सुरू झालं. मेस्त्रींनी सांध्यांजवळ कान नेला, फुसफूस नाही म्हणाले, आणि शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळायला या, असं बजावलं. पैसे मी दिले. घरी येऊन जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा काढला आहे. त्या पंपवाल्याचं नाव कुठल्या तरी पानावर असणार.